पट्टी सुटते, बोटं मिटतात : प्रतिसादकाळाची कुळकथा

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग करतात. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवायची. दुसऱ्याने बाकावर हात टेकवून शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवायची. पट्टी न सांगता सुटते, बोटं मिटतात. वीस सेंटिमीटरवर पकडली, तर मुक्त पतनाच्या सूत्राप्रमाणे ०.२० सेकंद गेले; पंधरावर ०.१७, पंचविसावर ०.२३. मग फळ्यावर मुलगे आणि मुली असे दोन रकाने पडतात आणि वर्गात एकच गलका होतो : चपळ कोण?

या रकान्यांचं मूळ शोधत गेलं की आपण अठराव्या शतकातल्या ग्रिनिचच्या वेधशाळेत पोचतो. दुर्बिणीतल्या उभ्या रेषांवरून तारा सरकताना डोळ्यांनी पाहायचं, घड्याळाचे ठोके कानांनी मोजायचे आणि ताऱ्याने रेषा ओलांडल्याची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत अदमासाने लिहायची, अशी तिथली रीत होती. शाही खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांना दिसलं, की सहायक डेव्हिड किनेब्रुकच्या नोंदी आपल्यापेक्षा उशिराच्या येतात. आधी अर्ध्या सेकंदाने, पुढे ०.८ सेकंदाने. १७९६ साली किनेब्रुकची नोकरी गेली. मॅस्केलिन यांची काळजी रास्त होती. ०.८ सेकंदात विषुववृत्तावरची जमीन सुमारे ३७० मीटर पुढे सरकते. पण स्वतःची वेळ त्यांनी प्रमाण मानली, आणि तिच्यापासूनचं अंतर ही सहायकाची चूक ठरली.

ही हकीकत क्योनिग्जबर्गच्या फ्रीड्रिख बेसेल यांच्या वाचनात आली. त्यांनी १८२०च्या सुमारास स्वतःची नोंद इतर कसलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींशी ताडून पाहिली. फरक काहींच्या बाबतीत सेकंदाहून जास्त निघाला. दोघेही तरबेज, दोघेही मन लावून काम करणारे, तरी वेळा वेगळ्या! या फरकाला ‘व्यक्तिगत समीकरण’ असं नाव पडलं. ज्यापायी एकाची भाकरी गेली, तो माणसामाणसांतला स्वाभाविक फरक होता.

पुढे उपकरणं सुधारली. हेल्महोल्ट्झ यांनी १८५०मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं, तर उट्रेख्तच्या डाँडर्स यांनी १८६८मध्ये साधा प्रतिसाद आणि निवड करून दिलेला प्रतिसाद यांच्या वेळांची वजाबाकी करून विचाराला लागणारा वेळ काढला. लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी हजारो स्त्रीपुरुषांची मापं घेतली. मापं साठली, तशी गटांची तुलनाही आली.

ती तुलना कशी करावी, याचा वस्तुपाठ हेलन थॉम्प्सन या तरुण संशोधिकेने घालून दिला. शिकागो विद्यापीठात तिने २५ विद्यार्थी आणि २५ विद्यार्थिनींच्या प्रतिसादकाळासह अनेक क्षमता तपासल्या. ते काम १९०३ साली पुस्तकरूपाने आलं. दोन सरासऱ्या सांगून ती थांबली नाही. दोन्ही गटांतली मापं कशी पसरली आहेत, हे तिने आलेखांत दाखवलं. गट बऱ्याच अंशी एकमेकांवर पसरलेले दिसत होते, आणि उरलेल्या फरकांच्या मागे मुलामुलींच्या वेगळ्या वाढवणुकीचा वाटा मोठा आहे, असं तिचं मत होतं.

फरक योगायोगाचा की खरा, हे थोड्या मापांवरून ठरवायची युक्ती डब्लिनमधल्या गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यात सापडली. तिथले विल्यम गॉसेट मोजक्याच नमुन्यांवर निर्णय घ्यायच्या अडचणीशी झुंजत होते. १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला. त्यातून टी-चाचणी आली. रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या पुस्तकातून ती दोन गटांच्या तुलनेसाठी सर्वांच्या हाती दिली. तिचं मर्म सोपं आहे : दोन सरासऱ्यांमधलं अंतर घ्या आणि गटांच्या आतल्या पसाऱ्यामुळे नुसत्या योगायोगाने जेवढं अंतर पडू शकतं, त्याने भागा.

साध्या प्रतिसादाच्या अनेक मोजण्यांत मुलग्यांची सरासरी किंचित कमी येते, हे खरं. पण मुलं पुरेशी मोजली, तर इवलासा फरकही चाचणीत खरा ठरतो; खरा ठरला म्हणून तो मोठा होत नाही. एकाच मुलीने पट्टी एकदा सोळावर आणि लगेच बाविसावर पकडली, तर तिच्या दोन वेळांत सेकंदाच्या तीन शतांशांचं अंतर पडतं.

म्हणून फळ्यावर सरासरी लिहिण्याआधी प्रत्येकाने पट्टी दहादा पकडावी आणि दहाही आकडे लिहावेत. सगळ्यांचे ठिपके एका रेषेवर मांडले, की मुलामुलींचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतील. मग त्यातल्या एखाद्या ठिपक्याचं नाव झाका आणि वर्गाला विचारा : हा मुलगा की मुलगी? आकड्यावरून खात्रीने सांगता येत नाही, हे मुलांनी स्वतः अनुभवावं. किनेब्रुकच्या वेळी कुणी असे ठिपके मांडले असते, तर कदाचित त्याची खुर्ची शाबूत राहिली असती.