हेडलाइटचा परतीचा रस्ता

जुन्या मोटारसायकलीचा बॅटरीवर चालणारा हेडलाइट एके रात्री मंद होतो. बल्ब नवा घातला तरी तसाच. बल्ब काढून त्या जागी व्होल्टमीटर लावला, तर काटा पूर्ण ६ व्होल्ट दाखवतो! मग बिघाड आहे तरी कुठे? याचे उत्तर ओहमच्या नियमात आहे, तसेच या दिव्यांच्या इतिहासातही आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकलींवर कार्बाइडचे दिवे असत. वरच्या कप्प्यातील पाणी थेंबथेंब कॅल्शियम कार्बाइडवर पडे आणि तयार होणारा ॲसिटिलीन वायू नळीतून बर्नरपर्यंत जाई. ज्योत मंदावली, तर पाणी संपले, नळी फुटली की बर्नरचे छिद्र बुजले, एवढेच पाहायचे. बिघाड डोळ्यांना दिसे.

१९१४ साली अमेरिकेतील हेंडी कंपनीने ‘इंडियन’ मोटारसायकलीच्या एका नमुन्यावर विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर बसवला. स्टार्टरचा भार बॅटरीला पेलेना, म्हणून तो मागे पडला. विजेचे दिवे मात्र पुढे रूढ झाले. दुचाकीवर जागा थोडी, म्हणून २ व्होल्टचे तीनच घट जोडून ६ व्होल्टची बॅटरी करीत. वायरचीही बचत झाली : दिव्यापर्यंत वायर, परतीला गाडीचा लोखंडी सांगाडा. कित्येक गाड्यांत तर परतणारा प्रवाह हँडलच्या बेअरिंगमधून, वंगण लावलेल्या गोळ्यांमधून जाई. मद्रासला १९५५ पासून जुळू लागलेली बुलेट आणि म्हैसूरला १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा, दोन्ही सुरुवातीला ६ व्होल्टच्याच.

आता हिशेब करू. ३६ वॉटचा बल्ब ६ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह घेतो. त्याचा रोध १ ओहम. परतीच्या वाटेवर गंजामुळे फक्त ०.२ ओहम रोध वाढला, तर प्रवाह ५ अँपिअर होतो आणि बल्बला ५ व्होल्टच मिळतात. (तापमानानुसार तंतूचा रोध बदलतो, ते येथे सोडून देऊ.) व्होल्टेजपेक्षा प्रकाश फार वेगाने घटतो, त्यामुळे उजेड जवळजवळ निम्मा होतो. याच गंजाने १२ व्होल्टच्या गाडीत बल्बवरील व्होल्टेज शेकडा पाचनेच कमी होते. पुढे १२ व्होल्टची पद्धत आली, तिचा हा एक मोठा फायदा.

मीटर फसवतो तो यामुळेच. बल्ब काढला की प्रवाह जवळजवळ थांबतो. प्रवाह नाही, तर गंजावर व्होल्टेजची घटही नाही. म्हणून दिवा पेटता ठेवूनच मोजावे. मीटरचे एक टोक बल्बच्या धातूच्या कवचाला आणि दुसरे बॅटरीच्या सांगाड्याला जोडलेल्या ध्रुवाला लावावे. काटा शून्याजवळ हवा. १ व्होल्ट दिसला, तर पहिले टोक हेडलाइटचे भांडे, फोर्क, सांगाडा असे क्रमाने बॅटरीकडे सरकवत जावे. जिथे आकडा एकदम उतरतो, तिथेच दोष. तो सांधा काचकागदाने घासून आवळावा. दोष बेअरिंगमध्ये असेल, तर हेडलाइटपासून सांगाड्यापर्यंत वेगळी वायर जोडावी.

वर्गात यासाठी मोटारसायकल लागत नाही. दोन घट, टॉर्चचा बल्ब आणि एक गंजलेला खिळा जोडा. मग खिळ्याची टोके घासून पुन्हा जोडा. प्रवाहाला जाण्याइतकीच परतण्याचीही वाट लागते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच दिसेल.