दोन आणे आणि काळी माती

मागच्या महिन्यात अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन आलो. जालन्यापर्यंत समृद्धी महामार्गाने झकास गेलो (आमच्याकडून तो ११ डिसेंबर २०२२ पासून सुरू झालाय). पण गावाचा शेवटचा तुकडा तोच जुना. डांबराच्या दोन्ही कडांना हातभर लांब भेगा.

मोठे काका म्हणाले, "काळीवर रस्ता टिकत नसतो बाबा."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. एका पावसाळ्यात आजीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा बैलगाडीची चाकं आऱ्यांपर्यंत रुतली होती. डांबरी सडकेला लागेपर्यंत संध्याकाळ झाली. आजी वाचली, पण त्या दिवसापासून काकांनी काळीपुढे हात टेकले ते टेकलेच.

मला मात्र आता ते पटत नाही. कारण जयकर!

पुणे विद्यापीठात शिकताना जयकर ग्रंथालयात किती दुपारी डुलक्या काढल्या, पण हे जयकर कोण ते कधी विचारलं नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये, सरकारने देशातल्या रस्त्यांसाठी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद या वकिलाकडे दिलं. मोटारी वाढत होत्या आणि रस्ते प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात होते. पैसा कुणाकडेच नव्हता. समितीने १९२८ मध्ये सांगितलं, पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे त्या फंडात जाऊ लागले. (आपला भाग तेव्हा निजामाकडे!) पण समितीची मला सर्वांत आवडलेली शिफारस वेगळीच आहे: नुसते रस्ते बांधू नका, रस्त्यांचं संशोधन करणारी संस्थाही काढा. त्याच अहवालातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. दिल्लीची सीआरआरआय १९५२ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे नाशिकला राज्य सरकारची 'मेरी' १९५९ पासून आहे.

या सगळ्याचा काळीशी संबंध काय? काळी पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. डांबराखालची माती मधोमध फारशी बदलत नाही, कडेची मात्र दरवर्षी हलते, म्हणून भेगा आधी कडेला. उपायही माहीत आहेत: मातीत चुना कालवा, किंवा न फुगणाऱ्या मुरुमाचा चांगला जाड थर द्या, आणि पाणी बाजूला काढा. रस्त्याची जाडी ठरवताना मातीचा नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग त्याची ताकद मोजतात. ही सीबीआर चाचणीही सरकारी खात्यातच जन्मली, जयकर समितीच्याच सुमारास, कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात.

म्हणजे पेट्रोल भरणाऱ्यांच्या पैशातून उत्तर कधीच सापडलंय. आमच्या रस्त्याखाली मुरुमाचा थर किती पडला, ते मात्र विचारू नका. असो.

काकांना हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. शेतातलं एक ढेकूळ आणून बादलीत टाकलं.

चौथ्या दिवशी फोन. "पार गाळ झालाय रे. आता चुना किती टाकू?"