दुसऱ्याच्या ओळीला आपली ओळ

हायकू हा शब्द आता मराठीला परका राहिलेला नाही. शिरीष पै यांनी तो आपल्याकडे रुजवला आणि त्यांच्यामागून कितीतरी जणांनी वहीत तीन-तीन ओळी लिहून पाहिल्या. हायकू म्हणजे एकट्याने पाहिलेला एक क्षण, अशी आपली समजूत असते. झाडावर एक पक्षी, त्याच्याकडे पाहणारा एक कवी, बस्स. पण मंडळी, या तीन ओळींचा जन्म एकांतात झालेला नाही. तो झाला चारचौघांच्या बैठकीत. या तीन ओळी एका लांबलचक कवितेचे पहिले कडवे होत्या आणि बाकीची कडवी बैठकीतल्या इतरांनी पाळीपाळीने रचायची होती. त्या कवितेचे नाव रेंगा. शब्दाचा अर्थच मुळी ‘जोडलेली गाणी’ असा आहे.

सुरुवात अगदी साधी होती. जपानी दरबारात ३१ अक्षरांची कविता लिहिण्याची प्रथा होती. पाच-सात-पाच हा तिचा पहिला भाग आणि सात-सात हा दुसरा. एकाने पहिला भाग म्हणायचा, दुसऱ्याने तो पुरा करायचा, असा खेळ दरबारी लोक खेळू लागले. मग कोणाला तरी वाटले, इथेच का थांबा? त्या सात-सातला पुन्हा कोणीतरी पाच-सात-पाच जोडावे. अशी साखळी लांबत गेली आणि तेराव्या शतकात शंभर कडव्यांचा प्रघात पडला. सम्राट गो-तोबा याला या खेळाचे मोठे वेड. त्याच्या दरबारात गंभीर रचना करणाऱ्यांचा एक गट आणि थट्टेखोर रचना करणाऱ्यांचा दुसरा, आणि दोघांची नावे झाडांवरून पडलेली. या रसिक राजाने १२२१ मध्ये लष्करी सत्तेविरुद्ध उठाव केला, तो फसला, आणि ओकी नावाच्या दूरच्या बेटावर हद्दपारीतच १२३९ मध्ये तो वारला. त्याचे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

खेळाचे शास्त्र केले ते चौदाव्या शतकात निजो योशिमोतो याने. हा दरबारातला फार मोठा उमराव. पण रेंगाचा पहिला मोठा संग्रह सिद्ध करताना त्याने सोबतीला घेतला गुसाई नावाचा, दरबाराबाहेरचा एक भिक्षू. कारण तोवर रेंगा राजवाड्याबाहेर पडली होती. देवळांच्या आवारात, फुललेल्या चेरीखाली सामान्य लोकांच्या बैठका भरत होत्या. काही ठिकाणी तर डोक्यावर गवती टोप चढवून बसत, म्हणजे कोण वरचा, कोण खालचा, हा प्रश्नच नको.

योशिमोतोने १३७२ मध्ये नियम बांधून दिले. शंभर कडवी चार घडीच्या कागदांवर लिहायची. त्यांत चार ठिकाणी फुले यावीत, सात ठिकाणी चंद्र यावा. वसंत किंवा शरद आला तर निदान तीन कडवी टिकावा, पाचांपुढे जाऊ नये. राक्षस किंवा वाघ यांसारखे डोळ्यांत भरणारे शब्द अगदी क्वचित. बैठकीत एक गुरू असे आणि एक लेखनिक. नियम मोडला की लेखनिक कडवे परत करी, मग ते कोणा सरदाराचे का असेना.

पण हे सगळे नियम ज्या एका नियमाच्या पोटात आहेत तो असा: आपले कडवे आधीच्या कडव्याशी जुळले पाहिजे आणि त्याच्याही आधीच्या कडव्यापासून मात्र पूर्ण सुटले पाहिजे. आपल्या भेंड्यांमध्ये शेवटचे अक्षर पकडतात, समस्यापूर्तीत दिलेला चरण एकच कवी पुरा करतो. इथे दोन्ही नाही. इथे दुसऱ्याच्या ओळीचा अर्थच आपण बदलून टाकायचा असतो.

हे नुसते सांगून कळत नाही. आम्ही चौघी मैत्रिणींनी एका पावसाळ्यात मराठीत हा प्रयोग करून पाहिला. अक्षरे मोजण्याचा हट्ट धरला नव्हता. पहिलीने लिहिले:

पाऊस सुरू
ओसरीवर ओल्या
अनोळखी वहाणा

दुसरे कडवे माझे होते:

दिवा लावलेला आहे
दार लोटलेले नाही

हे लिहिताना माझ्या मनात आमचे गावचे घर होते आणि शेवटच्या एसटीने परतणारे वडील होते. दोन्ही कडवी एकत्र वाचली तर चित्र तसेच दिसते. बाहेर पाऊस, आत कोणी आलेले, आणखी कोणी यायचे राहिलेले. मग तिसरीने माझ्या कडव्याला जोडले:

गाभाऱ्यापाशी
पुजारी पेंगुळलेला
चांदणे आत

आता माझे कडवे हिच्याबरोबर वाचून पाहा. तोच दिवा, तेच दार, पण घर गेले. दिवा देवापुढचा झाला आणि दार चांदण्यासाठी उघडे राहिले. पाऊस, वहाणा, सगळे विरले, आणि चौथीला त्यांपैकी काहीही परत आणण्याची मुभा नव्हती. माझे वडीलही गेले. खरे सांगायचे तर आत कुठेतरी कळ आली. ‘अगं, ते तसं नव्हतं’ असे ओठांवर आले होते. पण रेंगात कवीला आपल्या ओळीचा अर्थ सांगण्याचा अधिकार नसतो. ओळ कागदावर उतरली की ती पुढच्याची.

हे सोपे नाही, आणि म्हणूनच ही कला यादवीच्या काळात बहरावी याचे मला नवल वाटते. १४६७ ते १४७७ अशी दहा वर्षे ओनिन युद्ध चालले आणि क्योतो शहर बेचिराख झाले. दरबारी मंडळी प्रांतोप्रांती पांगली आणि त्यांच्याबरोबर रेंगाही पांगली. सोगी हा या काळातला सर्वांत मोठा रेंगा-गुरू. जन्म १४२१ चा, कुळ अप्रसिद्ध, आयुष्य सरदारांच्या गढ्यांमधून फिरण्यात गेलेले. १४८८ च्या आरंभी तो आणि त्याचे दोन शिष्य शंभर कडव्यांना बसले. शोहाकु हा उमराव घराण्यातला आणि सोचो लोहाराचा मुलगा. ही रचना मिनासे येथे अर्पण करायची होती. गो-तोबाचा आवडता राजवाडा तिथलाच, आणि त्याच्या मृत्यूचे हे अडीचशेवे वर्ष. सोगीने पहिल्याच कडव्यात गो-तोबाच्या मिनासेवरच्या एका जुन्या कवितेचा धागा उचलला. म्हणजे बसलेले तिघे, पण पहिली ओळ त्यांनी हद्दपारीत वारलेल्या राजाकडून घेतली. जपानी रेंगामध्ये आजही ही रचना सर्वोत्तम मानली जाते. तिची इंग्रजी भाषांतरे मी वाचली आहेत. कडवे कोणाचे हे नाव झाकून ओळखता येत नाही. उमराव कुठला, लोहाराचा पोर कुठला, पत्ता लागत नाही.

प्रत्येक बैठक अशी निर्मळ होती असे मात्र नाही. १५८२ मध्ये आकेची मित्सुहिदे या सरदाराने क्योतोजवळच्या आतागो डोंगरावरच्या देवस्थानात शंभर कडव्यांची बैठक भरवली. पहिले कडवे त्याचे स्वतःचे. त्यात ‘समय’ या अर्थाचा शब्द होता, आणि मित्सुहिदे ज्या वंशाचा म्हणवत असे त्या वंशाचे नावही उच्चाराने तेच. काही दिवसांतच त्याने क्योतोतल्या होन्नो मंदिरात उतरलेल्या आपल्या धन्यावर, ओदा नोबुनागावर, हल्ला केला आणि त्यात नोबुनागाचा अंत झाला. पुढे दोन आठवड्यांच्या आत मित्सुहिदेही संपला. मग लोकांनी ते कडवे पुन्हा वाचले आणि त्यात बंडाची घोषणा सापडली. बैठकीला हजर असलेल्या जोहा या रेंगा-गुरूला याबद्दल जाब द्यावा लागला, अशी कथा सांगतात.

शंभर कडव्यांना पूर्ण दिवस लागे. सतराव्या शतकात व्यापारी आणि शेतकरीही या छंदात आले, भाषा बोलीकडे झुकली आणि ३६ कडव्यांचा आटोपशीर प्रकार रूढ झाला. बाशो हा याच प्रकाराचा स्वामी. आपण त्याला हायकूचा कवी म्हणतो. त्याच्या शिष्यांच्या टिपणांवरून दिसते ते निराळेच. पहिले कडवे माझ्यासारखे लिहिणारे पुष्कळ आहेत, माझा जीव आहे तो जोडण्यात, असे तो मानत असे. बैठक संपून कागद मेजावरून खाली उतरला की त्याची रद्दी झाली, असेही तो म्हणे. जे घडायचे ते बसल्या जागी.

१६८९ च्या उन्हाळ्यात, उत्तरेच्या प्रसिद्ध प्रवासात, तो मोगामी नदीकाठच्या ओइशिदा गावी थांबला. रिवाजाप्रमाणे पाहुण्याने पहिले कडवे म्हणायचे आणि यजमानाने दुसरे. बाशोने भर पावसातली नदी घेतली आणि तिला शब्द लावला ‘शीतल’. नदीकाठी राहणाऱ्या यजमानाला तो नमस्कारच होता, तुमच्या घरी कसा गारवा आहे! पुढे प्रवासवर्णनात हेच कडवे एकटे घेताना त्याने शब्द बदलला. ‘शीतल’ची ‘वेगवान’ झाली. यजमान वजा झाला आणि उरली ती नुसती फुगलेली नदी. जगभर हीच दुसरी ओळ पाठ आहे, आणि ती थोर आहे यात शंका नाही. पण पहिल्या ओळीत एक माणूस होता.

हा माणूस कायमचा वजा केला तो मासाओका शिकी याने. क्षयाने पोखरलेला, चौतिसाव्या वर्षी वारलेला हा बंडखोर पत्रकार-कवी. तोवर जोडकवितेच्या बैठका साचेबंद झाल्या होत्या, गुरू फी घेऊन कडव्यांना गुण देत होते, आणि शिकीचा संताप रास्त होता. पण १८९३ मध्ये बाशोवरच्या लेखमालेत त्याने निकालच दिला: पहिले कडवे हे साहित्य, पुढची साखळी साहित्य नव्हे. एका मनातून निघालेली एकसंध भावना ती कविता, ही युरोपातून आलेली कसोटी त्याने लावली होती. त्या कसोटीला रेंगा उतरणार कशी? सुट्या झालेल्या पहिल्या कडव्याला त्याने हायकू हे नाव रूढ केले आणि तेच जगभर गेले. आपल्याकडे आले तेही हेच.

साखळी तुटली तरी मेली नाही. मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हिओ पाझ हे १९६२ पासून दिल्लीत राजदूत होते. १९६८ मध्ये मायदेशी विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा त्यांनी निषेध म्हणून ते पद सोडले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या तळघरात ते, फ्रान्सचे झाक रूबो, इटलीचे एदोआर्दो सांग्विनेती आणि इंग्लंडचे चार्ल्स टॉमलिन्सन असे चौघे जोडकवितेला बसले. भाषा चार, कविता एक. पाझ यांनी नंतर मोकळेपणाने लिहिले की सर्वांदेखत लिहिताना आपल्याला लाज वाटत होती, उघडे पडल्यासारखे झाले होते. एवढा मोठा कवी, पण एकट्याने लिहिण्याची सवय त्यांनाही अशी आडवी आली. पुढे जपानमध्ये ओओका माकोतो यांनी जुने नियम बाजूला ठेवून मुक्त जोडकविता सुरू केली आणि देशोदेशींच्या कवींबरोबर ती लिहिली.

रेंगाच्या शेवटच्या कडव्याला जपानीत ‘अगेकु’ म्हणतात. ते हलके असावे, वसंतातले असावे आणि फार विचार न करता चटकन द्यावे, असा संकेत आहे, कारण तोवर सगळे थकलेले असतात. रेंगा कधी ऐकलीही नसेल असा जपानी माणूसही हा शब्द रोज वापरतो. खूप खटपट करून अखेर काय झाले ते सांगायचे असले, की तो म्हणतो, ‘अगेकु...’