सुई आणि संमती : मुंबईतील प्लेगच्या लशीची कहाणी

मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे, म्हणजे त्या काळच्या मराठीतील ‘ग्रंथिक सन्निपाता’चे निदान केले, आणि रोगापाठोपाठ सरकारविषयीचा अविश्वासही शहरभर पसरला. रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवले जात असल्याने लोक आजार लपवू लागले, तर ऑक्टोबरअखेर संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला चढवला. अशा शहरात नव्या लशीसाठी दंड पुढे कोण करणार, हा प्रश्न जीवाणुशास्त्राइतकाच लोकांची खात्री पटवण्याचाही होता.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कॉलऱ्याची लस तयार करून पुढे कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये ती टोचणारे वाल्देमार हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्याच मनुष्यबळावर कामाला लागले. मांसाच्या सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारले जात आणि त्या मृत जंतूंचीच लस बने. सारासाठी बोकडाचे मांस वापरल्याने हिंदू वा मुसलमान यांच्यापैकी कोणाच्याही धर्मभावना दुखावण्याचे कारण उरले नाही. लोकमताचा विचार असा थेट लशीच्या घडणीतच शिरला होता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटर लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि ताप व वेदना सोसत काम चालू ठेवले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचणीच्या दिवशीच ज्यांना रोगाने गाठले होते ते वगळता टोचलेल्यांपैकी दोघांना लागण झाली पण कोणी दगावले नाही, तर न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ मरण पावले. तुरुंगातील संमती कितपत मोकळी होती, ही शंका अर्थात राहतेच. खोजा इस्माइली समाजाची भीती घालवण्यासाठी तिसऱ्या आगाखानांनी सर्वांसमक्ष स्वतःला टोचून घेतले, आणि प्रयोगशाळेला आपली ‘खुश्रू लॉज’ ही वास्तूही दिली. बडोद्याजवळच्या उंढेरा गावी १८९८ मध्ये कुटुंबांतील साधारण निम्म्या माणसांना टोचण्यात आले, तेव्हा एकाच छपराखाली राहणाऱ्यांतला फरक गावाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आला : टोचलेल्यांपैकी ३, तर न टोचलेल्यांपैकी २६ माणसे दगावली.

प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली, परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले आणि ठपका हाफकिन यांच्यावर आला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये उघडपणे त्यांची बाजू मांडल्यानंतर त्यांच्यावरील डाग पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. मात्र जो विश्वास कमावण्यासाठी त्यांनी सर्वांआधी स्वतःला सुई टोचून घेतली होती, त्याला तडा जायला एक बाटली पुरेशी ठरली होती.