उघडलेला पडदा आणि झाकलेला आवाज

जीन केली आणि स्टॅन्ली डोनन दिग्दर्शित 'सिंगिंग इन द रेन' हा संगीतपट १९५२ सालचा. कथानक मात्र १९२७ मधले. 'द जॅझ सिंगर' प्रदर्शित होऊन मूकपटांच्या साम्राज्याला तडा गेला, तो हा काळ. लीना लॅमाँट ही मूकपटांची सम्राज्ञी. रूप देखणे, आवाज चिरका. म्हणून कॅथी सेल्डन या अनोळखी मुलीचा आवाज तिच्या ओठांवर बसवला जातो. अखेरीस लीना रंगमंचावर 'गात' असताना मागचा पडदा वर जातो आणि ध्वनिक्षेपकापुढे उभी असलेली कॅथी प्रेक्षकांना दिसते. सत्याचा विजय!

निर्मितीचा इतिहास पाहिला की या विजयाचा रंग पालटतो. 'वुड यू' या गाण्यात कॅथी लीनाला जो स्वर उसना देते, तो कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सचा नव्हेच. तो बेटी नॉइस या गायिकेचा. कॅथी लीनासाठी जे संवाद म्हणते, ते तर खुद्द लीना झालेल्या जीन हेगनच्याच आवाजात ऐकू येतात, कारण चिरकेपणा हा तिचा अभिनय होता, मूळ आवाज चांगला भारदस्त. श्रेयनामावलीत नॉइसचे नाव नाही. कथेत जे पाप ठरते, ते पडद्यामागे नित्याचे कामकाज होते. याला केवळ ढोंग म्हणणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा ही जुळवाजुळव म्हणजेच स्टुडिओव्यवस्था. हा चित्रपट तिची थट्टा करतो तोही तिच्याच हत्यारांनी.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटला. मुंबईत निघालेल्या 'महल'मधील (१९४९) 'आयेगा आनेवाला'च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे मधुबालाने रंगवलेले पात्र! श्रोत्यांनी चौकशी केली आणि नभोवाणीवरून लता मंगेशकर हे नाव घराघरांत पोचले. पुढे 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा गायकांसाठी पारितोषिक नाही म्हणून लताबाईंनी त्या सोहळ्यात गाण्यास नकार दिला. ते पारितोषिक १९५९ पासून सुरू झाले. उसन्या आवाजाने आपला श्रोता फसवला गेला नाही. त्याला फक्त नाव हवे होते.

हॉलीवूडमध्ये मात्र पडदा खालीच राहिला. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांनी गायली, आणि श्रेयनामावलीत त्यांचेही नाव नव्हते.