वासुदेव गायतोंडे : विलंबित लयीतील चित्रकला

ख्यालगायनातील विलंबित लयीचे महत्त्व रसिकांना वेगळे सांगावे लागत नाही. स्वर उलगडण्यास अवधी लागतो आणि तो अवधी गायकाप्रमाणे श्रोत्यानेही द्यावयाचा असतो, हे सर्वमान्य आहे. चित्राला मात्र हा न्याय सहसा लावला जात नाही. चित्र एका दृष्टिक्षेपात पाहून संपते, असा समज रूढ आहे. या समजाला ज्यांनी केवळ आपल्या कृतीने उत्तर दिले, अशा आधुनिक भारतीय चित्रकारांत वासुदेव संतू गायतोंडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूर येथे झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ मध्ये संपादन केली आणि १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत मनुष्याकृती आहेत. जुन्या लघुचित्रांचा संस्कार आणि पुढे पाउल क्ले यांच्या रेषेचा प्रभावही आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मात्र या आकृती विरत गेल्या आणि उरला तो रंग व प्रकाश. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द ते पसंत करीत. झेन विचारातील मौनाचे त्यांना आकर्षण होते.

१९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. तेथून परतल्यावरही त्यांची वाट बदलली नाही. ती अधिक एकाकी झाली. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे मुंबई सोडून ते दिल्लीत स्थायिक झाले. वर्षाकाठी त्यांच्या हातून जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. हा आळस नव्हता. रुळाने तैलरंगाचा थर पसरावयाचा, सुरीने तो खरवडावयाचा, कागदाचे तुकडे दाबून काही रंग उचलून घ्यावयाचा, त्यावर पुन्हा पातळ थर द्यावयाचा, अशी ही प्रक्रिया होती. चित्र मनात सिद्ध होईपर्यंत थांबणे हाही त्या कामाचाच भाग होता. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे दुरावले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. २००१ साली ते निवर्तले.

अशा चित्रासमोर घाईने येणाऱ्यास एक पिवळा किंवा करडा पृष्ठभाग दिसतो आणि तो पुढे जातो. जो थांबतो त्याला काही वेळाने वरच्या थराखालचा दुसरा थर जाणवू लागतो. जे सपाट वाटले होते त्यात खोली येते. चित्रात हे आधीपासून असतेच. डोळ्याला तेथवर पोहोचण्यास वेळ लागतो. छापील प्रतीत अथवा दूरध्वनीच्या पडद्यावर हे थर एकमेकांत मिटून जातात. म्हणून या चित्रांची प्रत्यक्ष भेट टाळता येत नाही.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन मांडले, आणि २०२१ साली त्यांच्या एका चित्रास लिलावात सुमारे ४० कोटी रुपये मिळाले. कीर्ती आली, हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर एक धोकाही आला. किंमत क्षणात कळते आणि ती कळली की चित्रही कळले, असे मानण्याचा मोह होतो. ज्या चित्रकाराने आयुष्यभर घाई नाकारली, त्याचे चित्र आकड्याने ओळखले जावे, यासारखी विसंगती नाही. शिवाय मोलाची चित्रे खासगी दालनांत बंद झाली, तर सामान्य माणसाला थांबून पाहण्याची संधीच उरत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासारख्या सार्वजनिक संस्थांत गायतोंडे यांची चित्रे आहेत, याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे. तेथे त्यांच्या एका चित्रापुढे पाव तास उभे राहण्यास कलाशास्त्राचे ज्ञान लागत नाही; बडा ख्याल ऐकताना जो धीर धरावा लागतो, तेवढाच पुरतो.