गुरुजींचे संशोधन, गुरुजींचीच साक्ष

महाडजवळच्या नातेखिंडीतून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नाते हे गाव चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री म्हणून त्यांचा लौकिक मोठा असला, तरी शिक्षणाच्या इतिहासात 1956 ते 1961 या काळातील विद्यापीठ अनुदान आयोगाचे त्यांचे अध्यक्षपद अधिक महत्त्वाचे ठरते. शाळेतील शिक्षकाने स्वतःच्या वर्गावर संशोधन करावे, हा विचार भारतात रुजू लागला तो याच सुमारास. मात्र तो विद्यापीठांच्या वाटेने आला नाही, आणि त्याच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आजवर अनुत्तरित राहण्याचे एक कारण या वेगळ्या वाटेत सापडते.

या संशोधनाला मराठीत ‘कृतिसंशोधन’ म्हणतात. दैनंदिन अध्यापनात जाणवलेली एखादी अडचण निवडायची, पूर्वचाचणी घेऊन मुलांची सद्यःस्थिती नोंदवायची, एखादा उपक्रम राबवायचा आणि उत्तरचाचणीने फरक तपासायचा, अशी त्याची रूढ पद्धत आहे. कुर्ट लेविन यांनी 1946 मध्ये ही कल्पना सामाजिक प्रश्नांसंदर्भात मांडली, तर स्टीफन कोरी यांच्या 1953 च्या ग्रंथाने ती शाळांपर्यंत नेली. भारतात 1955 मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषद आणि प्रशिक्षण महाविद्यालयांतील विस्तार सेवा केंद्रे यांच्याद्वारे ती शिक्षकांपर्यंत पोहोचली. विद्यापीठातील प्रबंधाला मार्गदर्शक असतो, बाह्य परीक्षक असतो आणि मौखिक परीक्षेत उत्तरे द्यावी लागतात. शिक्षकाच्या अहवालामागे असे कोणीच नसते. शिकवणारा, चाचणी काढणारा, गुण देणारा आणि निष्कर्ष लिहिणारा हात एकच असतो.

नोंदीशी स्वार्थ जोडला गेला की काय होते, याचा धडा एकोणिसाव्या शतकानेच दिला होता. इंग्लंडमध्ये 1862 च्या सुधारित संहितेने आणलेली ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत मुंबई इलाख्यातही वापरली गेली; तपासणीस येऊन मुलांची परीक्षा घेई आणि किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेचे अनुदान ठरे. परिणामी घोकंपट्टी वाढली, आणि कच्च्या मुलाकडे शाळेचे नुकसान म्हणून पाहिले जाऊ लागले. त्या शिक्षकांना अप्रामाणिक ठरवणे अन्यायाचे होईल, कारण ज्या नोंदीवर पोट अवलंबून आहे ती नोंद तटस्थ राहावी ही अपेक्षाच मुळात चुकीची होती. आज अनुदानाची जागा पदविकेचे गुण, नवोपक्रम स्पर्धा आणि पुरस्कार यांनी घेतली आहे, एवढाच फरक.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या वाड्यावस्त्यांवर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. येथील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि बहुधा मुलेही सोबत नेतात. समजा, वीस मुलांच्या वर्गात पूर्वचाचणीची सरासरी शंभरपैकी 40 आली. त्यांतील पंधरा मुलांची सरासरी 50 आणि स्थलांतर करणाऱ्या पाच मुलांची 10 होती. ती पाच मुले भट्टीवर गेल्यानंतर उत्तरचाचणी घेतली, तर उरलेल्या पंधरांपैकी कोणीही एक अक्षर नव्याने शिकले नसले तरी सरासरी 50 होते, आणि दहा गुणांची ही वाढ उपक्रमाच्या यशापोटी जमा होते. येथे कोणी खोटे बोललेले नसते. तरीही अहवाल खोटा असतो, आणि ज्यांच्यासाठी संशोधनाची सर्वाधिक गरज होती तीच मुले त्यातून नाहीशी झालेली असतात.

दुसरा प्रश्न संमतीचा, म्हणजे आपल्या मुलाविषयी लिहिले जाण्यास पालकाने समजून-उमजून दिलेल्या होकाराचा आहे. ज्या वाडीत गुरुजींचा शब्द खाली पडू दिला जात नाही, तेथे अंगठा किंवा सही मिळवणे सोपे असते, नकार देणे मात्र जवळजवळ अशक्य. नाव वगळण्याचा उपायही तोकडा पडतो, कारण ज्या शाळेत तिसरीत तीनच मुले आहेत तेथे ‘तिसरीतील एक अप्रगत विद्यार्थिनी’ एवढ्या उल्लेखावरून सारे गाव तिला ओळखते. याच महाडात 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याला आधारभूत असलेल्या, मुंबई कायदेमंडळाच्या 1923 च्या बोले ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या करण्याची शिफारस होती. इतक्या संघर्षाने वर्गात आलेल्या समाजांतील मुलांच्या जातीचा आणि मागे पडण्याचा उल्लेख अहवालात शेजारी-शेजारी करताना शिक्षकाने दहा वेळा विचार केला पाहिजे.

महाराष्ट्रात याहून भक्कम परंपरा होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे वारली मुलांसाठी केलेल्या कामातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा उभी राहिली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू करून तेथील अनुभव सविस्तर लिहिले. या कामाचे वजन आकडेवारीत कमी आणि उघडेपणात अधिक आहे: काम इतरांनी येऊन पाहावे, तपासावे आणि त्यावर वाद घालावा, असे ते मांडले गेले. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 च्या ग्रंथात शिक्षकाला संशोधक मानले, तेव्हा आत्मपरीक्षण आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवणे या दोन्हींचा त्यांचा आग्रह होता.

शिक्षण हक्क कायद्याने शाळेत पालकांचे बहुमत असलेली व्यवस्थापन समिती दिली आहे. रायगड जिल्ह्यातील शिक्षकांनी कृतिसंशोधनाचा अहवाल वरिष्ठांकडे पाठवण्यापूर्वी या समितीत वाचून दाखवावा, आणि उत्तरचाचणीला किती मुले नव्हती, ती कोठे होती आणि उपक्रम कोणाच्या बाबतीत फसला, हे पहिल्याच पानावर लिहावे.